परदेशी माणसाचा दर वेगळा : मलेशियातील पगार, कर आणि घरखर्चाबद्दल वाचकांचे प्रश्न

मलेशियाबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : देश स्वस्त, पगार बरा, मग महिन्याअखेर हातात किती उरेल? देश स्वस्त आहे हे खरेच. पण त्यातली बरीचशी स्वस्ताई सरकारने अनुदान देऊन आपल्या नागरिकांसाठी राखलेली आहे आणि वर्क पासवर गेलेल्या माणसाला तीच वस्तू वेगळ्या दराने मिळते. करातही तसेच, फक्त तिथे दर पासपोर्टवर नाही, दिवसांच्या मोजणीवर ठरतो. खालच्या सगळ्या हिशेबांत एक रिंगिट म्हणजे २२ रुपये धरले आहेत. भाव रोज हलतो, तेव्हा आपल्या वेळचा भाव घालून आकडे पुन्हा मांडावेत.

प्रश्न : पुण्यात मला वर्षाला २६ लाख पगार आहे. क्वालालंपूरच्या एका कंपनीने महिना १२,००० रिंगिट देऊ केले आहेत. पत्नी नोकरी करत नाही, मुलगी पाच वर्षांची आहे. हातात किती येतील आणि जाणे परवडेल का? (एक वाचक, पिंपळे सौदागर)

उत्तर : आधी कर पाहू. मलेशियाचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. तुमचा वर्षाचा पगार १,४४,००० रिंगिट. रहिवासी ठरलात, म्हणजे मुख्यतः वर्षात १८२ दिवस तिथे राहिलात, तर यातून स्वतःची ९,०००, उत्पन्न नसलेल्या पत्नीची ४,००० आणि मुलीची २,००० रिंगिट सूट वजा होते. ऑक्टोबर २०२५ च्या पगारापासून परदेशी कर्मचाऱ्यांनाही तिथला भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे ईपीएफ, सक्तीचा झाला आहे. तुमचे २ टक्के, कंपनीचे २ टक्के. तुमच्या वाट्याचे वर्षाचे २,८८० रिंगिटही वजा होतात. सॉक्सो या कामगार विम्याच्या हप्त्यापोटी ३५० रिंगिटपर्यंत सूट आहे. उरले १,२५,७७० रिंगिट करपात्र. पहिल्या एक लाखावर टप्प्याटप्प्याने ९,४०० रिंगिट कर बसतो, त्यावरच्या २५,७७० वर २५ टक्क्यांनी ६,४४२. एकूण १५,८४२ रिंगिट, म्हणजे महिन्याला साधारण १,३२०.

हा कर कंपनी दरमहा पगारातून कापते. त्या कपातीला तिथे पीसीबी म्हणतात. कर, ईपीएफचे २४० आणि सॉक्सोचे सुमारे ३० रिंगिट गेले की हातात १०,४१० च्या आसपास येतात. मुलगी नोंदणीकृत बालवाडीत जात असेल तर त्या फीपोटी आणखी ३,००० रिंगिटपर्यंत सूट मिळते, म्हणजे वर्षाला ७५० रिंगिट वाचतात. बालवाडीची पावती मात्र नोंदणी क्रमांकासह हवी.

आता एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. १५,८४२ रिंगिट म्हणजे सुमारे ३ लाख ४८ हजार रुपये. भारतात नव्या करप्रणालीत २६ लाखांच्या पगारावर उपकरासह ३ लाख ५१ हजार कर बसतो. म्हणजे कर जवळजवळ तेवढाच भरायचा आहे. ‘तिकडे कर कमी’ हे जे ऐकायला येते ते या पगाराच्या पातळीवर फारसे खरे नाही. शिवाय इथे मूळ पगाराच्या १२ टक्के तुमचे आणि तितकेच कंपनीचे पीएफमध्ये जमत असतील, तर ती रक्कम तिकडे २ आणि २ टक्क्यांवर येणार. ती तूट स्वतः भरून काढायची तयारी ठेवा.

खर्चाकडे वळू. शहराच्या अगदी मध्यात नाही, पण मेट्रोच्या टप्प्यात असलेला तीन खोल्यांचा, सामानासह फ्लॅट साधारण २,८०० रिंगिट. मॉन्ट किआरासारख्या परदेशी लोकांच्या वस्तीत यापेक्षा बरेच जास्त, सायबरजायात बरेच कमी. वीज, पाणी, इंटरनेट मिळून ४५०. यात एसीची वीज सगळ्यात मोठी, कारण तिथे बाराही महिने एकच ऋतू. किराणा, भाजी, दूध १,६००. बाहेरचे खाणे ६००, प्रवास ७००, बालवाडी १,२००, फोन आणि किरकोळ ४५०. बेरीज ७,८००. उरले २,६१०, म्हणजे ५७ हजार रुपये. त्यातून वर्षातून एकदा तिघांची विमानाची तिकिटे आणि आरोग्यविमा काढायचा.

खरा फटका पुढच्या वर्षी बसेल, मुलगी पहिलीत गेल्यावर. सरकारी शाळेत परदेशी मुलाला प्रवेश मिळणे कठीण आणि शिकवण्याची भाषा मलाय. म्हणून आंतरराष्ट्रीय शाळाच उरते. सीबीएसई अभ्यासक्रमाच्या शाळा क्वालालंपुरात आहेत आणि त्या ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांपेक्षा स्वस्त पडतात. तरी वर्षाला ३० हजार रिंगिट फी धरली तर बालवाडीच्या वर महिन्याला १,३०० रिंगिट लागतील आणि तुमची शिल्लक निम्म्यावर येईल. म्हणून पगाराची बोलणी करताना १२ चे १३ हजार मागण्यात शक्ती घालवण्यापेक्षा शाळेची फी मागा. मात्र कंपनीने भरलेली फी तुमच्या उत्पन्नातच धरली जाते आणि तिच्यावर कर बसतो. कंपनीने तुमच्या वतीने कर भरला तरी तोही उत्पन्नच. कंपनीने वर्षातून एकदा मायदेशी जाण्याचे तिकीट दिले तर त्यातल्या ३,००० रिंगिटपर्यंत कर नाही, आणि वैद्यकीय खर्च दिला तर त्यावरही नाही. मागण्यांचा क्रम त्यानुसार लावा.

थोडक्यात, एकट्याच्या पगारावर तिघांनी जायचे तर १२ हजारांत राहणे सुखाचे होईल, पण घरच्या कर्जाचे हप्ते त्यातून फेडायचे असतील तर नाही.

प्रश्न : इंटरनेटवरच्या खर्चाच्या याद्यांत क्वालालंपुरातला प्रवासखर्च महिना ५० रिंगिट लिहिलेला असतो. तुम्ही ७०० का धरता? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ५० रिंगिटमध्ये ३० दिवस मेट्रो आणि बसने हवे तितके फिरवणारा ‘माय फिफ्टी’ पास खरोखरच आहे. तो मलेशियाच्या नागरिकांनाच मिळतो. तुम्हाला टच अँड गो कार्डावर प्रत्येक फेरीचे पैसे भरावे लागतील. पेट्रोलचेही तेच. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीपासून रॉन ९५ पेट्रोल नागरिकांना ओळखपत्रावर १.९९ रिंगिट लिटरने मिळते. परदेशी माणूस बाजारभावाने भरतो. सरकारी रुग्णालयात नागरिकाला नाममात्र आकार, परदेशी माणसाला त्याच्या कितीतरी पट. १ जुलै २०२५ पासून खाजगी रुग्णालयाच्या बिलावरही परदेशी रुग्णाला ६ टक्के सेवाकर लागतो. त्यामुळे आरोग्यविमा घेताना कंपनीच्या पॉलिसीत कुटुंब आहे का, आणि हा कर पॉलिसी भरते का, ही दोन्ही उत्तरे लेखी घ्या.

स्वस्त खरोखर काय आहे, तर कोपऱ्यावरच्या मामाक हॉटेलातला रोटी चनाई आणि तेह तारीक. तिथे कोणी ओळखपत्र मागत नाही. ब्रिकफिल्ड्समध्ये आणि मस्जिद इंडिया भागात डाळी, कणीक, मसाले सगळे मिळते. मात्र ही दुकाने तमिळ स्वयंपाकाच्या अंगाने भरलेली असतात. ज्वारीचे पीठ आणि गोडा मसाला बॅगेतूनच न्यावा लागेल.

प्रश्न : मी २ सप्टेंबर २०२६ ला क्वालालंपुरात रुजू होणार आहे. पगार १०,००० रिंगिट, मी एकटाच. कंपनी म्हणते पहिले सहा महिने ३० टक्के कर कापू. हे बरोबर आहे का? डिसेंबरमध्ये बहिणीच्या लग्नाला तीन आठवडे यायचे आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कंपनी चुकीचे सांगत नाही, पण अर्धेच सांगते. कॅलेंडर वर्षात १८२ दिवस मलेशियात असाल तर तुम्ही रहिवासी आणि कर टप्प्यांनी. नसाल तर अनिवासी : सरसकट ३० टक्के आणि एकही सूट नाही. २ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर होतात १२१ दिवस. म्हणजे २०२६ साठी सरळ हिशेबाने तुम्ही अनिवासी. चार महिन्यांच्या ४०,००० रिंगिटवर १२,००० कर जाणार.

पण कायद्यात दुसरी वाट आहे. एका वर्षातला अपुरा काळ जर लगतच्या वर्षातल्या सलग १८२ दिवसांना जोडलेला असेल तर अपुऱ्या वर्षासाठीही तुम्ही रहिवासी ठरता. म्हणजे ३१ डिसेंबरला मलेशियात आहात, १ जानेवारीलाही आहात आणि तिथून १ जुलै २०२७ पर्यंत सलग राहिलात तर २०२६ चा करही टप्प्यांनी बसेल. तो किती? ४०,००० मधून ९,००० ची सूट, ईपीएफचे ८०० आणि सॉक्सोचे सुमारे १२० वजा केले की ३०,०८० उरतात. कर ४५२ रिंगिट. करपात्र रक्कम ३५,००० च्या आत असल्याने ४०० ची थेट माफी. भरायचे ५२ रिंगिट. बारा हजार आणि बावन्न! फरक रुपयांत अडीच लाखांच्या वर जातो.

यात घात होतो तो ‘सलग’ या शब्दाने. या सलग काळात सुट्टीसाठी, घरच्या कार्यासाठी देशाबाहेर राहण्याची एकूण मुभा फक्त १४ दिवसांची आहे. कंपनीच्या कामासाठी किंवा स्वतःच्या आजारपणासाठी बाहेर गेलात तर ते दिवस यात मोजत नाहीत, पण पुरावा हवा. समजा लग्नासाठी २० डिसेंबरला निघून १० जानेवारीला परतलात, तर १४ पेक्षा जास्त दिवस बाहेर राहिल्याने साखळी तुटली.

म्हणून तीन आठवडे हवेच असतील तर ते सगळे डिसेंबरमध्येच बसवा. ६ डिसेंबरला या, २७ ला परत जा. ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी तिथे काढा. त्यानंतर जुलैपर्यंत सुट्टीचे १४ दिवस हातात राहतात. लग्नाची तारीख तुमच्या हातात नसते हे खरे, पण लग्नानंतर किती दिवस रेंगाळायचे ते असते.

भारताच्या बाजूनेही मोजणी करा, कारण इथले करवर्ष एप्रिल ते मार्च. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाचे त्या वर्षात भारतातले दिवस १८२ पेक्षा कमी असतील तर तो अनिवासी ठरतो आणि परदेशातल्या पगारावर इथे कर नाही. १ एप्रिल ते २ सप्टेंबर झाले १५५ दिवस. लग्नाचे २२ धरून १७७. आता मार्चअखेरपर्यंत फक्त चार दिवस शिल्लक. फेब्रुवारीत सहज म्हणून आठवडाभर आलात तर भारतात रहिवासी व्हाल आणि मलेशियाचा पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागेल. येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस मोजूनच हिशेब करा.

शेवटची अडचण विवरणपत्राची. मलेशियात २०२६ चे विवरणपत्र ३० एप्रिल २०२७ पर्यंत भरायचे, ऑनलाइन असेल तर १५ मेपर्यंत. तेव्हा तुमचे १८२ दिवस पुरे झालेले नसतात. अशा वेळी अनिवासी म्हणून विवरणपत्र मुदतीत भरून टाका, आणि जुलैत दिवस भरले की पासपोर्टच्या सर्व पानांच्या प्रती जोडून एलएचडीएन या तिथल्या करखात्याकडे सुधारित आकारणी मागा. विमानतळावर ऑटोगेटमधून गेलात तर पासपोर्टवर शिक्का पडत नाही, म्हणून प्रत्येक प्रवासाचा बोर्डिंग पास जपून ठेवा. पुढे दिवस सिद्ध करताना शिक्क्याच्या जागी तोच दाखवावा लागतो.

प्रश्न : घरासाठी आधी किती रक्कम हाताशी हवी? करारात काय बघावे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : २,८०० रिंगिट भाड्याचे घर घेताना एक महिन्याचे आगाऊ भाडे, दोन महिन्यांची अनामत आणि वीज-पाण्यापोटी अर्ध्या महिन्याची अनामत अशी रीत आहे. २,८०० अधिक ५,६०० अधिक १,४००, म्हणजे ९,८०० रिंगिट, सव्वादोन लाख रुपयांच्या जवळपास. शिवाय गेटच्या कार्डाची थोडी अनामत. हे सगळे पहिला पगार होण्याआधी द्यावे लागते. कंपनी पहिले दोन-तीन आठवडे हॉटेल देत असेल तर घर त्या काळातच बघावे, भारतात बसून फोटोंवर पैसे पाठवू नयेत. दलालाकडे आरईएन, म्हणजे दलाल म्हणून नोंदणीच्या, क्रमांकाचे ओळखपत्र असते, ते मागा. पैसे त्याच्या खाजगी खात्यात भरू नका, त्याच्या दलाली संस्थेच्या खात्यात भरा. दलाली सहसा घरमालक देतो.

करारातले सगळ्यात महत्त्वाचे कलम म्हणजे तिथे ज्याला डिप्लोमॅटिक क्लॉज म्हणतात ते. दोन वर्षांचा करार केलात आणि चौदाव्या महिन्यात नोकरी गेली, तर वर्क पास रद्द होतो आणि देश सोडावा लागतो. हे कलम असेल तर साधारणपणे पहिले १२ महिने झाल्यावर दोन महिन्यांची नोटीस देऊन सुटता येते. नसेल तर अनामत जाते आणि मालक उरलेल्या मुदतीचे भाडेही मागू शकतो. पहिले वर्ष पुरे होण्याआधी नोकरी गेली तर काय, हेही त्यात लिहून घ्या. छापील मसुद्यात ते बहुतेक वेळा नसते.

मग छोट्या वाटणाऱ्या दोन गोष्टी. एसीची ठरावीक महिन्यांनी सर्व्हिसिंग भाडेकरूने करून पावत्या ठेवायच्या, असे कलम जवळपास प्रत्येक करारात असते. पावत्या नसल्या तर अनामतीतून कापतात. आणि दोन-तीनशे रिंगिटपर्यंतची दुरुस्ती भाडेकरूची, ही मर्यादा एका दुरुस्तीमागे की वर्षाला, ते स्पष्ट करून घ्या. राहायला गेल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, नळाचा, गादीचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवा. अनामत मालकाच्याच खात्यात पडून असते, मध्ये तटस्थ कोणी नसतो. करारावर मुद्रांक भरलेला असावा. बिनमुद्रांकाचा करार न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही.

प्रश्न : माझ्या पतीच्या पासवर मी गेले तर मला नोकरी करता येईल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : डिपेन्डन्ट पासवर नाही. तुम्हाला नोकरी देणाऱ्या कंपनीने तुमच्या नावाने स्वतंत्र एम्प्लॉयमेंट पास काढला पाहिजे. घरी बसून भारतातल्या ग्राहकांचे काम करणे यात अडकत नाही असा समज आहे. तो चुकीचा आहे. काम मलेशियात बसून झाले की त्या कामाचे उत्पन्न मलेशियाचे धरले जाते.

पतीच्या पासचा वर्गही बघा. १ जून २०२६ पासून पगाराच्या मर्यादा वाढल्या आहेत. पहिल्या वर्गासाठी २०,००० रिंगिट, दुसऱ्यासाठी १०,००० ते १९,९९९, तिसऱ्यासाठी ५,००० ते ९,९९९. पूर्वी १०,००० वर पहिला वर्ग मिळत असे. जुन्या माहितीवर विसंबून ९,८०० ला होकार देण्याआधी आणखी २०० मागून बघा, वर्ग बदलेल. पुढे पतीला मलेशियात तीन वर्षे झाली आणि पगार १५,००० रिंगिट झाला तर दहा वर्षांच्या रेसिडन्स पास टॅलेंटसाठी अर्ज करता येतो. तो मिळाला की पत्नीला वेगळ्या पासशिवाय नोकरी करता येते.

प्रश्न : ठाण्यातला फ्लॅट भाड्याने देऊन जाणार आहे. बँकेत मुदतठेवी आणि पीपीएफ आहे. काय बदलावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : निघाल्यावर चालू बचत खाते एनआरओ, म्हणजे भारतातल्या उत्पन्नासाठीचे अनिवासी खाते, करून घ्या. साधे खाते तसेच चालवणे फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही आणि बहुतेकांची चूक इथेच होते. मलेशियातून पाठवायच्या पैशांसाठी एनआरई खाते उघडा. त्यावरचे व्याज भारतात करमुक्त आहे. भाडे, जुन्या ठेवींचे व्याज, लाभांश हे एनआरओत यायला हवे. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते, वाढवता येत नाही.

एनआरओ ठेवीच्या व्याजावर बँक ३१.२ टक्के टीडीएस कापते. भारत-मलेशिया करारानुसार हा दर १० टक्क्यांवर येतो. त्यासाठी एलएचडीएनकडून त्या वर्षाचा रहिवासाचा दाखला काढून बँकेला द्यावा लागतो आणि आयकर पोर्टलवर ठराविक निवेदन भरावे लागते. दाखला वर्षापुरताच असतो, दरवर्षी नवा. पहिल्या वर्षी १८२ दिवसांच्या घोळामुळे तो वेळेत मिळत नाही. मग जास्तीचा टीडीएस विवरणपत्र भरून परत मागायचा.

भाडेकरूला आधीच सांगा की मालक अनिवासी असल्याने भाड्यातून अनिवासींच्या दराने टीडीएस कापण्याची जबाबदारी त्याची आहे. भाडे कितीही लहान असले तरी. हे ऐकून बरेच भाडेकरू दचकतात. कमी दराने कपातीचा दाखला आयकर विभागाकडून मिळवता येतो, तो आधी काढलात तर वाद टळतो.

हे भाडे आणि व्याज मलेशियात पुन्हा करात येईल का, तर रहिवासी व्यक्तीने परदेशातून आणलेल्या, मूळ देशात कर लागू असलेल्या उत्पन्नावर तिथे २०३६ अखेरपर्यंत माफी आहे.

प्रश्न : पुण्याच्या कंपनीची नोकरी चालू ठेवून पेनांगमधून वर्षभर काम करायचे आहे. पगार इथल्याच खात्यात येईल, मग मलेशियाचा कर कसा लागेल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पगार कुठल्या खात्यात येतो याला तिथे महत्त्व नाही. काम कुठे बसून केले ते बघतात. अनिवासी माणसाने वर्षात ६० दिवसांपर्यंत काम केले तर मलेशिया कर घेत नाही. त्यापुढे दोन देशांच्या करारातली १८३ दिवसांची सवलत मदतीला येऊ शकते, पण वर्षभर राहणार म्हणता तेव्हा ती संपते. तुम्ही तिथले रहिवासी व्हाल, आणि तिथे मालक कंपनी नसल्याने पीसीबी कापणारे कोणी नाही. एलएचडीएनकडे स्वतः नोंदणी करून विवरणपत्र भरावे लागेल.

उलट बाजूही आहे. तुम्ही भारतात अनिवासी ठरलात तरी पगार भारतातल्या खात्यात जमा झाला, एवढ्यानेच इथला कायदा त्यावर कर मागतो. तो सोडवायला पुन्हा कराराचा आणि रहिवासाच्या दाखल्याचा आधार घ्यावा लागतो. कंपनीच्या वित्त विभागाला हे माहीत नसेल तर ते नेहमीप्रमाणे टीडीएस कापत राहतील आणि दोन्हीकडे कर जाईल.

पासबद्दल : डे रान्ताऊ हा डिजिटल नोमॅडसाठीचा पास तीन ते बारा महिन्यांचा मिळतो. संगणक क्षेत्रातल्यांना वर्षाला २४,००० अमेरिकी डॉलर उत्पन्न दाखवावे लागते, इतर क्षेत्रांत ६०,०००. पर्यटक म्हणून जाऊन लॅपटॉप उघडून बसणे यात धोका तुमचाच आहे.

प्रश्न : मी आयटीआय वेल्डर आहे. एजंट मलेशियासाठी १ लाख ८० हजार मागतो. आधी टुरिस्ट म्हणून जा, परवाना तिकडे काढू म्हणतो. (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : जाऊ नका. टुरिस्ट म्हणून गेलेल्या माणसाचा कामाचा परवाना तिकडे बसून निघत नाही. काम करताना सापडलात तर कैद आणि हद्दपारी. परवानगी निघून मगच प्रवास, हा क्रम उलटा होत नाही.

नोंदणीकृत एजंटला कायद्याने जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपयेच घेता येतात. त्याचा परवाना क्रमांक भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. तुमचा पासपोर्ट ईसीआर वर्गातला असेल तर मलेशियासाठी प्रवासापूर्वी मंजुरी लागते. टुरिस्ट म्हणून पाठवण्यामागे हीच मंजुरी चुकवण्याचा डाव असतो. दहावी पास असाल तर ही मंजुरी न लागणारा ईसीएनआर पासपोर्ट मिळतो, तो करून घ्या. मलेशियात किमान वेतन १,७०० रिंगिट आहे, ३७ हजार रुपयांच्या आसपास. परदेशी कामगारांवरचा लेव्ही नावाचा वार्षिक कर मालकाने भरायचा असतो. तो तुमच्या पगारातून कापू असे करारात लिहिले असेल तर सही करू नका.

प्रश्न : चार वर्षे क्वालालंपुरात काढून मार्च २०२७ मध्ये परत येत आहे. पगार १५,००० आहे. कंपनी शेवटचा पगार अडवून ठेवणार म्हणते. (एक वाचक, मूळ सातारा)

उत्तर : तो कायदाच आहे. देश सोडून जाणाऱ्या कर्मचाऱ्याची खबर कंपनीने किमान ३० दिवस आधी सीपी २१ या फॉर्मवर एलएचडीएनला द्यायची आणि तुमचे देणे असलेले पैसे करपूर्ततेचे पत्र येईपर्यंत किंवा ९० दिवस रोखून धरायचे. म्हणजे शेवटच्या महिन्याचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, बोनस, सगळे अडकते. राजीनामा देतानाच हा फॉर्म भरायला सांगा. २०२६ चे विवरणपत्र आणि २०२७ च्या तीन महिन्यांचे विवरणपत्र दोन्ही जाण्याआधी भरा. पत्र आले की कंपनी बाकी कर करखात्याला भरून उरलेले तुम्हाला देते. म्हणून तिथले बँक खाते निघण्याच्या दिवशी बंद करू नका. कराचा परतावा, घराची अनामत आणि कायमचा देश सोडताना मिळणारी ईपीएफची रक्कम त्याच खात्यात येणार आहे.

भारतात परतल्यावर ‘रहिवासी, पण सामान्यतः नव्हे’ हा सवलतीचा दर्जा तुम्हाला मिळणार नाही. त्यासाठी मागच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षे अनिवासी असावे लागते, किंवा मागच्या सात वर्षांत भारतातले दिवस ७२९ पर्यंत. चार वर्षांत यातले एकही बसत नाही. तेव्हा भारतात रहिवासी ठरणाऱ्या वर्षापासून तिथल्या व्याजासह सगळे इथे दाखवायचे.

आता तारखेबद्दल. २०२७ मधले तुमचे तीनच महिने. त्यावर ३० टक्के लागले तर ४५,००० रिंगिटचे १३,५०० जातात, रहिवासी म्हणून सहाशेच्या आसपास. दिवाळीत १४ दिवसांपेक्षा जास्त घरी आला असाल तर मागच्या वर्षाची सलग साखळी तुटलेली आहे. पण जुन्या माणसांसाठी आणखी एक कलम आहे. वर्षात ९० दिवस मलेशियात आणि मागच्या चार वर्षांपैकी तीन वर्षे रहिवासी असलात, किंवा त्या प्रत्येक वर्षी ९० दिवस तिथे असलात, तरी चालते. हे दिवस सलग असण्याची अट नाही. १ जानेवारी ते ३१ मार्च २०२७ म्हणजे बरोबर ९० दिवस. तिकीट २८ मार्चचे असेल तर बदलून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातले घ्या, आणि मधल्या काळात शनिवार-रविवार जोडून सिंगापूरला जाणार असाल तर तेवढे दिवस पुढे सरकवा.